पुढे उभा असलेला भाऊ

ईडन प्रेरी, मिनेसोटा
४ सप्टेंबर २०२४

ती. जगूकाका,

माणूस खरं बोलला, पण ज्यांच्यासमोर बोलायला हवं होतं त्यांच्यासमोर नाही, तर तो बोलला असं म्हणायचं का? तीन दिवस मी या प्रश्नाशी बसले आहे आणि मला उत्तर येत नाही. फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं. हे अर्धं ऐकून चालणार नाही, म्हणून लिहिते.

रविवारी आमच्या मंडळाचा गणेश चषक झाला. टेनिस बॉलचं क्रिकेट. मैदान इथून पाऊण तासावरच्या मेपल फोर्क गावातलं, खरं तर बेसबॉलचं. ते सांभाळणारे गृहस्थ हॅल लिंडग्रेन, वय शहात्तर. आपली माणसं खेळायला लागायच्या आधी ते एकटे येऊन गवत कापतात, चुन्याच्या रेषा मारतात. त्या भागात त्यांचं नाव लहानथोरांना ठाऊक आहे. अठरा वर्षं गावाच्या संघातून खेळले, सगळ्यांत जास्त चेंडू मैदानाबाहेर मारले. यंदा त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायचं ठरलं. शाल, श्रीफळ, सगळं रीतसर. पाहुण्यांचा परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण मालिनीकाकूंच्या मते मला 'वाचायची सवय आहे'. मालिनीकाकू म्हणजे मंडळाच्या सचिव. त्यांच्याच तळघरात मी भाड्यानं राहते.

तुम्हाला माहीत आहे, मी काम अर्धवट करत नाही. मी लायब्ररीत जाऊन जुनी वर्तमानपत्रं काढली. १९७९ सालची राज्याची फायनल. मेपल फोर्क एका धावेनं मागे. पहिल्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या पहिल्या टप्प्यावर, हॅल यांचा धाकटा भाऊ पीट. हॅल यांनी चेंडू असा मारला की तो कुंपणापलीकडे गेला. पीटची एक आणि हॅल यांची एक, अशा दोन धावा, सामना जिंकला, असं सगळ्यांना वाटलं. पण धावताना हॅल आपल्याच भावाच्या पुढे निघून गेले, आणि त्या खेळात पुढच्या धावणाऱ्याला ओलांडलं की मागचा बाद. एकच धाव धरली, बरोबरी झाली, आणि जादा डावात संघ हरला. पेपरात लिहिलं होतं की पीट घाबरून मध्येच मागे फिरला, म्हणून असं झालं. चार वर्षांनी हॅल यांच्याच फटक्यांवर गावाला चषक मिळाला.

मला वाटलं, परिचयाला याहून चांगलं काय असेल. मी माईकवर इंग्रजीत वाचलं, "भावाच्या चुकीचा डाग स्वतःच्या मेहनतीनं पुसून काढणारा हा खेळाडू."

तेव्हा समोर वडापावची रांग होती. विजेत्या संघाचा कप्तान निहार मागून म्हणत होता, "यार सावनी, ट्रॉफी दे ना आधी, साउंडवाला पाचला जाणारे."

हॅल यांनी शाल खांद्यावर घेतली, नारळ डाव्या हातात धरला आणि माईक मागितला. सगळ्यांना वाटलं, आभार मानणार. ते म्हणाले, "पीट मागे फिरला नव्हता. तो जिथं असायला हवा तिथंच उभा होता. मी चेंडूकडे बघत होतो. चूक माझी होती, आणि हे मी आज पहिल्यांदा बोलतोय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंडळात माईकवर कुणी थांबला की टाळ्या वाजतात. मग निहारला ट्रॉफी दिली.

गाडीत मालिनीकाकू म्हणाल्या, "अगं, दोन मिनिटांचा परिचय सांगितला होता, तू त्या माणसाचं मेलं चौकशी कमिशन लावलंस." पंचेचाळीस वर्षांनी तो माणूस बोलला, ते दीडशे मराठी माणसांसमोर. त्यांतल्या निम्म्यांना पीट कोण हे माहीत नाही आणि उरलेल्यांना भूक लागली होती. ऐकलं ते बहुतेक मी एकटीनं.

आता मी काय करायचं?

तुमची,
सावनी


पार्सिपनी, न्यू जर्सी
१५ सप्टेंबर

चि. सावनी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. कानाचं मशीन घातलं की शिट्टी वाजते, नाही घातलं की जग बंद असतं. कागद बरा.

तू काय करायचं? काहीही नाही. एका म्हाताऱ्या माणसाला उन्हात उभं केलंत, खांद्यावर शाल घातलीत, हातात नारळ दिलात. बिचारा गडबडला आणि काहीतरी बोलून गेला. माझ्या रिटायरमेंटच्या पार्टीत मीही बरंच काही बोललो होतो. कुणी मनावर घेतलं नाही, म्हणून अजून मला कार्ड पाठवतात.

तुला मालिनीबाईंच्या बोलण्याचं वाईट वाटलंय, हे मला दिसतंय. तेवढंच आहे ते. मंडळाच्या सेक्रेटरींना बोलायची सवय असते. आमच्या इथल्या सेक्रेटरींनी तुझ्या शैलाकाकूला एकदा मोदकांच्या आकारावरून ऐकवलं होतं. शैला घरी येऊन हसली आणि पुढच्या वर्षी सुपारीएवढे मोदक केले.

बेसबॉलचं म्हणशील तर तो नियम मला माहीत आहे. शैलाला हा खेळ आवडायचा. संध्याकाळी मॅच लावून ती भाजी निवडायची आणि मी तिला विचारायचो, आता हा का थांबला, तो का पळाला. ती म्हणायची, चेंडू हवेत असताना पुढचा माणूस अर्ध्या वाटेवर उभा राहतो, कारण झेल पकडला तर त्याला परत जावं लागतं. मागच्यानं त्याच्याकडे बघायचं असतं. साधी गोष्ट आहे. पण पळणाऱ्याला साध्या गोष्टी दिसत नाहीत.

एवढ्या वर्षांत त्या गावानं एक गोष्ट खरी धरून संसार केले. पेपरात आलं ते सगळ्यांना सोयीचं होतं, बहुधा त्या भावालाही. आता ते उकरून कुणाचं भलं होणार? तुझं शेवटचं सेमिस्टर आहे. डिसेंबरनंतर नोकरी मिळाली नाही तर काय, याचा विचार कर. रेझ्युमे पाठव, मी बघतो. मागच्या वेळी तू स्वतःबद्दल फार कमी लिहिलं होतंस.

रवी कसा आहे? हे सगळं तुझ्या बाबाला सांगितलंयस का?

जगूकाका


ईडन प्रेरी
२९ सप्टेंबर

ती. जगूकाका,

रेझ्युमे सोबत आहे. एकवीस ठिकाणी पाठवला, दोन ठिकाणांहून उत्तर आलं, दोन्हीकडे नाही म्हणाले. रात्री झोप लागते, पण सकाळी उठल्यावर झोप झाली असं वाटत नाही.

तुमचं म्हणणं मी मनावर घेतलं होतं, खरंच. पण शाल परत करायला हॅल यांनी मला मैदानावर बोलावलं. त्यांना वाटलं, ती मंडळाची आहे, धुऊन परत द्यायची. त्यांनी ती धुऊन, इस्त्री करून आणली होती. मी म्हटलं, ती तुमचीच. मग आम्ही खेळाडूंच्या बाकावर बसलो.

मी माफी मागितली. ते म्हणाले, "तू वाचलंस ते छापलेलं होतं. छापणाऱ्याला सांगितलं गेलं ते त्यानं छापलं."

"कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही, हीच तर गंमत. मॅच हरल्यावर मी या बाकावर बसलो होतो. वार्ताहर आला. कुणीतरी म्हणालं, पीट मागे फिरला, हो ना हॅल? मी खोटं बोललो नाही. मी बुटाच्या नाड्या सोडत राहिलो."

पुढचं त्यांनी सावकाश सांगितलं. गावानं पीटचं नाव 'रिव्हर्स' ठेवलं. तो दुकानात शिरला की कुणीतरी उलटं चालून दाखवायचं. सगळं हसण्यावारी, मारामारी नाही, भांडण नाही. दोन हंगामांत पीटनं खेळणं सोडलं आणि उत्तरेला डुलुथला निघून गेला. ख्रिसमसला कार्ड येतं, त्यावर फक्त सही. ८३ साली चषक मिळाला तेव्हा सगळे हॅलना म्हणाले, आता फिटलं. ते मला म्हणाले, "माझं कुठे काय फिटायचं होतं? चषक मिळवला म्हणून मी माफ झालो, आणि पीट आणखीच दोषी ठरला."

बारा ऑक्टोबरला त्यांच्या गावाचं हंगामाच्या शेवटचं जेवण आहे. तिथं मैदानाला हॅल लिंडग्रेन यांचं नाव देणार आहेत, पाटी तयार आहे. हॅलना तिथं उभं राहून हेच सांगायचं आहे. म्हणाले, "तुमच्या लोकांसमोर जमलं, कारण तुम्ही मला ओळखत नव्हता. तिथं माझे पाय टिकतील असं वाटत नाही. तू समोर बसशील का? एकदा तुझ्यासमोर बोललोय, परत बोलता येईल." पीटला त्यांनी पत्र लिहिलं आहे. उत्तर नाही. पाटी जाईल, आणि म्हातारपणी गावातली ओळखपाळख जाईल, हे त्यांना कळतंय. त्यांना दुसरं घर नाही, काका. सकाळी उठून ते या मैदानावरच येतात.

मी हो म्हटलं.

बाबांना सांगितलं का, असं तुम्ही विचारलंत. सांगितलं. व्हिडिओ कॉलवर ते दुकानात एक मोटर रिवाइंड करत होते. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता पूर्ण ऐकलं. शेवटी म्हणाले, "तो धाकटा भाऊ काय म्हणाला?" मी म्हटलं, त्याचं उत्तर आलेलं नाही. "बरं," म्हणाले आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी बोलले नाही. बाबा बारावीला कॉपी करताना सापडले आणि दोन वर्षं परीक्षेला बसू दिलं नाही, हे मला सातवीत असताना आत्यानं सांगितलं. 'तुझ्या बापानं हातानं घालवलं, नाहीतर तोही जगूसारखा आज अमेरिकेत असता.' मी बाबांना कधी विचारलं नाही. पण माझ्या प्रत्येक परीक्षेच्या सकाळी ते माझी कंपासपेटी उपडी करून बघायचे, पट्टीच्या खालीसुद्धा. मला त्याचा राग यायचा. मला वाटायचं, स्वतः चोरी केली म्हणून माझ्यावर संशय घेतात. आमच्या घरातली पहिली पदवी मी आणली तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांत धरून वाचली, आणि माझ्या मनात आलं, यांना ही घेता आली असती. हा विचार चांगला नाही, मला माहीत आहे. हॅल यांचं ऐकल्यापासून तो फार येतो.

तुम्ही माझे फॉर्म भरून दिले नसते तर मीही त्या दुकानातच असते. हे एकदा लिहायचं होतं.

सावनी


पार्सिपनी
६ ऑक्टोबर

चि. सावनी,

रेझ्युमेत दोन दुरुस्त्या केल्या आहेत, सोबत पाठवतो. 'हार्डवर्किंग' काढून टाक, सगळेच लिहितात.

त्या जेवणाला जाऊ नकोस. ते त्यांचं गाव आहे, त्यांची भांडणं आहेत. तू पाहुणी आहेस. त्या माणसाला बोलायचं असेल तर बोलेल, तू समोर नसलीस तरी. आणि नसेल बोलायचं तर तू समोर बसून त्याला भाग पाडू नयेस.

रवीशीही हे विषय काढू नकोस. त्याला त्रास होतो.

इथे पानगळ सुरू झाली. पाठ धरली आहे. जास्त लिहीत नाही.

जगूकाका


ईडन प्रेरी
२७ ऑक्टोबर

ती. जगूकाका,

तुमचं पत्र मिळालं तेव्हा मी हो म्हटलेलं होतं. पहिल्यांदाच तुमचं ऐकलं नाही. रागावू नका.

चर्चच्या तळघरात जेवण होतं. मालिनीकाकूंनीच गाडीनं नेलं. परिचयावरून बोलणाऱ्या त्याच मालिनीकाकू. "रिकाम्या हातानं कसं जायचं," म्हणून कोथिंबीरवड्यांचा ट्रे घेतला. तो ट्रे बटाट्याच्या चार भांड्यांशेजारी ठेवला आणि सगळ्यांत आधी संपला. ऐंशीएक माणसं. बहुतेक पांढऱ्या केसांची. पाटीवर निळं कापड घातलेलं.

हॅल उभे राहिले. मला वाटलं होतं की मोठं काहीतरी घडेल. ते कागदावरून वाचत होते, आवाज सपाट होता. बॉल हवेत होता, कुंपणापाशी समोरच्या संघाचा खेळाडू उडी मारायच्या बेतात होता, पीट वाटेत थांबून त्याच्याकडे बघत होता, जसं शिकवलेलं असतं तसं. "मी वर बघत धावलो. त्याच्या खांद्याला माझा खांदा लागला, तेव्हा कळलं. तो मागे फिरला नव्हता. तुम्ही त्याला पंचेचाळीस वर्षं जे म्हणालात ते मला म्हणायला हवं होतं. या पाटीवर माझं नाव नको."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक जण खोकला. मागच्या टेबलावरचे म्हातारे गृहस्थ म्हणाले, "हॅल, बस आता. कॉफी गार होतेय." एक बाई उठून बाहेर गेल्या. नंतर कळलं की त्या हॅल यांच्या भावजय होणार होत्या. पीटशी लग्न ठरलं होतं, पण तो गाव सोडून गेला. संघाचा सध्याचा कप्तान पाटीजवळ गेला. कापड काढावं की नाही हे त्याला कळेना. तसाच उभा राहिला. शेवटी पाटी कापडासकट भिंतीला टेकवून ठेवली. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाला. हॅल सगळ्यांचं होईपर्यंत बसले, आपली प्लेट संपवली, खुर्च्या आवरायला मदत केली. त्या दिवशी त्यांच्याशी फारसं कुणी बोललं नाही. मालिनीकाकू मात्र त्यांच्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "वडी खाल्लीत का? एक ठेवलीय बाजूला."

परत येताना मी फार थकले होते. मला वाटलं, तुमचं बरोबर होतं. काहीच झालं नाही. एक माणूस एकटा पडला एवढंच.

पण मग पीटचं कार्ड आलं. हॅलनी मला ते दाखवलं. दोन वाक्यं. 'मला माहीत आहे, मी तिथंच उभा होतो. रविवारी घरी असतो.'

मागच्या रविवारी हॅल तीन तास गाडी चालवून डुलुथला गेले. काल आम्ही मैदान हिवाळ्यासाठी बंद करत होतो, बेस काढून ठेवत होतो, तेव्हा त्यांनी सांगितलं. पीटनं दार उघडलं, आत घेतलं. बराच वेळ तिथल्या तळ्याबद्दल, गुडघ्यांबद्दल बोलणं झालं. मग पीट म्हणाला, "एक विचारायचं होतं. तो चेंडू गेला कुठे? मी तर त्या पोराच्या उडीकडे बघत होतो, मला दिसलाच नाही. आणि नंतर तुला विचारायची सोय राहिली नाही."

हॅलनी त्याला सांगितलं. बॅटीवर बसला तेव्हा हातांना काहीच कसं जाणवलं नाही, दिव्याच्या खांबावरून कसा गेला, पलीकडच्या मक्यात कसा पडला. ते मला म्हणाले, "माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला फटका होता तो, आणि मी तो आजवर कुणालाच सांगितला नव्हता. सांगायला लागलो की पीटपाशी यावं लागायचं."

पीटनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दिव्याच्या वरून? मग बघत राहिलास ते बरोबरच."

गावात अजून निम्मे लोक हॅल यांच्याशी बोलत नाहीत. पण तिथल्या साप्ताहिकात आतल्या पानावर चार ओळींची दुरुस्ती आली आहे, तिच्यात पीट लिंडग्रेन हे पूर्ण नाव आहे. कात्रण सोबत पाठवते.

हे बाबांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही नको म्हणाला होतात. त्यांना खरंच त्रास होतो का? त्यांनी विचारलं होतं, भाऊ काय म्हणाला. आता त्याचं उत्तर माझ्याजवळ आहे.

सावनी


ईडन प्रेरी
१५ नोव्हेंबर

ती. जगूकाका,

तीन आठवडे पत्र नाही. फोन केला, उचलला नाहीत. मेसेज वाचलेला दिसतो. बरे आहात ना? नुसतं 'हो' लिहा.

सावनी


पार्सिपनी
२४ नोव्हेंबर

चि. सावनी,

हो, बरा आहे. म्हणजे आजारी नाही.

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीच्या तिन्ही पत्रांत शैलाचं, हवेचं आणि तुझ्या नोकरीचं लिहिलं गेलं. आता सरळ लिहितो.

मार्च १९८१. अमरावती, फिजिक्सचा पेपर. आम्ही चुलतभाऊ एकाच वर्गात, रवी पुढच्या बाकावर, मी मागच्या. फिजिक्स त्याला यायचं, मला नाही. त्याच्या वहीवरून मी अभ्यास करायचो. आमच्यात ठरलेलंच होतं की वही त्याची आणि वाचणार दोघं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी त्या वहीतली दोन पानं फाडली आणि मोज्यात घातली. रवीला हे माहीत नव्हतं. पेपरात एक पान वापरलं. तपासणी पथक आत आलं तेव्हा मी ते खाली टाकलं, आणि ते त्याच्या बाकाखाली गेलं.

पानावर अक्षर त्याचं. सरांनी त्याची उत्तरपत्रिका शेजारी धरली आणि झालं. त्याला उठवलं. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे बघून थांबला, जितका वेळ थांबता येतं तितका. मग सरांबरोबर गेला.

मी खोटं बोललो नाही. मी पेपर लिहीत राहिलो.

मला वाटलं होतं, संध्याकाळी सांगेन. संध्याकाळी काकांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, त्याला मारलं. मग वाटलं, निकाल लागल्यावर सांगेन. निकाल लागला तेव्हा मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळण्याएवढे मार्क होते. मग सांगितलं असतं तर ते मार्क गेले असते. पुढे काय, सोपंच झालं. तो दुकानात बसला, मी कॉलेजात गेलो. माझ्या आईला कळलं नाही, शैलालाही कळलं नाही. तिला सांगावं असं दवाखान्यात खूपदा मनात आलं. मग वाटलं, तिनं शांत जावं.

तुझे फॉर्म भरून दिले ते तुझ्या हुशारीसाठी नाही. तू त्याला मोठेपणा समजलीस. मी तुला समजू दिलं.

त्या जेवणाला जाऊ नकोस लिहिलं, कारण तू गेलीस तर परत येऊन मला सांगशील, हे मला कळत होतं. कात्रण टेबलावर आहे. चार ओळी आहेत आणि मी त्या रोज वाचतो.

अकरा वर्षं मी अमरावतीला गेलेलो नाही. दर दिवाळीला रवीला फोन करतो, तो म्हणतो, "कसा आहेस जगू," आणि मी म्हणतो, "ठीक." माझी ताकद तेवढीच आहे. त्या हॅलला तू समोर बसलेली पुरलीस. मला रवीसमोर बसता येणार नाही. तू त्याला सांग. तुझ्या शब्दांत सांग, तुला जमतं ते. माझं एवढं काम कर.

मग तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

जगूकाका


ईडन प्रेरी
५ डिसेंबर

ती. जगूकाका,

तुमचं पत्र मी तळघरात, कपडे वाळवायच्या मशीनवर बसून वाचलं. मशीन थांबलं तरी उठले नाही. मालिनीकाकू खाली आल्या, माझ्याकडे पाहिलं. माझे कपडे घडी करून ठेवले आणि वर गेल्या.

आठ दिवस मला तुमचा राग आला. तो अजून आहे. तो लपवून लिहिलं तर मीही तुमच्याशी तसंच वागल्यासारखं होईल. राग तुम्ही पान टाकल्याचा नाही. अठरा वर्षांचं पोर घाबरलं तर काय करेल, हे मला कळतं. राग याचा की सातवीपासून मी ज्या नजरेनं माझ्या बापाकडे पाहिलं, ती नजर तुम्ही बदलू शकला असता. दर दिवाळीला. दोन वाक्यांत.

त्या रागातच मी दोनदा बाबांना फोन लावायला घेतला. सगळं एका दमात सांगून टाकायचं ठरवलं होतं. दोन्हीदा रिंग वाजायच्या आत कापला. मी सांगितलं असतं तर बाबांना फक्त बातमी मिळाली असती, आणि ती तर त्यांना आधीपासून माहीत आहे. तो पेपर त्यांनीही दिला होता. त्यांना जे मिळालेलं नाही ते माझ्याजवळ नाही. पहिल्या पत्रात मी तुम्हाला जो प्रश्न विचारला होता, त्याचं पूर्ण उत्तर मला अजून येत नाही. पण हॅलनी आमच्या मंडळासमोर बोलून तिथंच थांबवलं असतं, तर डुलुथला दार उघडलं नसतं, एवढं मी पाहिलं आहे. तुम्ही माझ्यासमोर बोललात. मी ऐकलं. हे मैदान माझं नाही.

तुमचं पत्र मी परत पाठवलं आहे. हे पत्र मिळेल त्याच पाकिटात ते आहे. सोबत दुसरं पाकीट आहे, त्यावर बाबांच्या दुकानाचा पत्ता माझ्या अक्षरात लिहिला आहे, भारतापर्यंत जाण्याएवढी तिकिटं लावली आहेत, आणि ते बंद केलेलं नाही. हेच पत्र घाला, नाहीतर पाचव्यांदा लिहा.

आणि काल सकाळी बाबांना फोन केला. त्यांना एवढंच सांगितलं, की जगूकाकांचं एक पत्र येईल, ते आईला किंवा दुकानातल्या कुणाला उघडायला देऊ नका, तुम्ही स्वतः वाचा. त्यांनी विचारलं, "कधी येईल?" मी म्हटलं, पंधरा-वीस दिवस लागतात. "मग मी तोवर दुकान दुपारीही उघडं ठेवतो," म्हणाले. "पोस्टमन दुपारी येतो."

सावनी